दस्तगीरची कैची

माझं नाव दस्तगीर, गाव बेंबळी, धंदा लोखंडाचा, आज्यापासनं. तुमी सायकल टेकवली तवाच म्या म्हनलं, ह्या गुरुजींचं मागचं मडगार्ड ढिलं हाय, उठताना आवळून देतो, आधी बसा, च्या घ्या आन म्या सांगतो ते कागदावर लिवून घ्या. तर अब्बा बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे, धाव म्हंजे लाकडाच्या चाकाभवतीची ती लोखंडी पट्टी, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर बसवायची आन वरनं पानी मारायचं, मग लोखंड चाकाला असं आवळून धरतं की बस्स. अब्बांनी चढवलेली धाव कधी निखळली न्हाय. आन एक गोष्ट ते मला सारखी सांगायचे, बेटा, चाक घट कर पन आसात हलायला जागा ठेव, गाडी खड्ड्यातनं जाती, तिला हलू दिलं न्हाय तर ती मोडती. भाता वढायचो तवापासनं ऐकलेली गोष्ट हाय ही. म्हंजे मला ठाऊक नव्हतं असं म्हनायची सोय न्हाय मला.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज गेलं, त्या वर्साचं म्या जास्त सांगत न्हाय, तुमी ह्याच मुलखातले, तुमाला काय सांगू. एवढंच सांगतो की आमी घरची सगळी मानसं आठ दिवस महादूच्या घरच्या बळदात व्हतो. बळद म्हंजे भिंतीतली ज्वारी साठवायची कोंडी, वरनं बारकं तोंड, आत हात पसरायला जागा न्हाय. महादू माझा लंगोटी यार, त्याची आई, तिला आमी काकी म्हनतो, वरनं भाकरी सोडायची आन खाली जात्यावर बसून दळत ऱ्हायची, आमचं खोकनं बाहीर ऐकू जाऊ नये म्हनून. लोक दारात आले, म्हनले, कोन हाय गं घरात, तर ती जातं न थांबवता म्हनली, माझं मढं हाय, उचला आन न्या. गेले लोक. आज म्या तुमच्यापुढं बसलोय ते त्या बाईमुळं, हे आधी लिवा, बाकी मग लिवा.

अब्बा त्यातनं उठलेच न्हाईत, दुसऱ्या वर्सी गेले. दुकान थंड पडलं. गावात मला काम द्यायला कोन धजना, आन तवा महादूच धावून आला. तो एका गुत्तेदाराकडं डायवर व्हता, धाराशिवच्या. गुत्तेदार म्हंजे सरकारी सडकेचं काम घेनारा, नाव सांगत न्हाय, त्याचं नाव माझ्या तोंडात आलं की थुकावंसं वाटतं. त्याचा ट्रक लढाईतला, लिलावात घेतलेला, खडी टाकायचा मुरूम टाकायचा. काय ट्रक व्हता गुरुजी! दोन शेतं पलीकडनं कळायचं आला म्हनून. फाळका वाजायचा, दारं वाजायची, पत्रा वाजायचा, बायका म्हनायच्या, महादू, कल्हईवाला झालास का रं. आन नुसतं वाजनं न्हाय, सरळ चालायचा न्हाय मेला, स्टेरिंग कायम उजवीकडं धरून ठिवावं लागायचं, एक चाक खड्ड्यात गेलं की असा हिसका मारायचा की महादूच्या मनगटाला सूज. सोलापूरच्या मिस्त्रीनं सगळे नट आवळून दिले, चार दिवसांत पुन्हा तेच. मग महादू गुत्तेदाराला म्हनला, मालक, आमच्या बेंबळीचा दस्तगीर बघंल.

म्या काय केलं, काय बी खोललं न्हाय. महादूला म्हनलं, पुढचं एक चाक ह्या दगडावर चढव आन थांब. आन खाली उताना झोपलो. चेसीच्या, म्हंजे ट्रकच्या सांगाड्याच्या, दोन लांब लोखंडी तुळया असतात बघा, त्या पार पिळवटलेल्या दिसल्या, बाजंचा एक पाय उचलला की बाज कशी पिळती तशी. मला तवाच समजलं, की वाजतंय ते वर, पन दुखनं खाली हाय. तुळयाच जाग्यावर ऱ्हात न्हाईत तर वरचा पत्रा काय करंल बिचारा, आन चाकं तरी सरळ कशी धावतील. घरी अब्बांच्या हातच्या दोन जुन्या धावा पडल्या व्हत्या, असलं लोखंड आता मिळत न्हाय, त्या तापवून सरळ केल्या आन दोन तुळयांच्या मधी तिरप्या, एकीवर एक, उघड्या कैचीवानी फुली करून टाकल्या, नटबोल्टवर. पुढं एक आडवी पट्टी. झालं. महादू सडकेवर घेऊन गेला आन परत आला तो एका हातानं स्टेरिंग धरून, दात काढत, वरडत, लेका दस्ता, रेघंवर चालतोय, रेघंवर! कुनी कौतुकानं हाक मारल्याला किती दिवस झाले व्हते, म्या भट्टीमागं जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू.

त्या दसऱ्याला महादूनं ट्रकची पूजा केली तवा खाली वाकून कैचीला हळदीकुकू लावलं, झेंडूचं फूल खोवलं आन म्हनला, नारळ दस्ता फोडंल. म्या मुसलमान मानूस, चार लोक बघत व्हते, पन काकी म्हनली, फोड की रं, तुझंच लेकरू हाय ते. फोडला. तवापासनं नावच पडलं, दस्तगीरची कैची. लातूरकडनं ट्रक आले, बार्शीकडनं आले, कैची घाला म्हनून. म्या एकच अट घालायचो, पंधरा दिवसाला गाडी आनायची, म्या नट आवळनार. कारन बोल्ट बसत जातो, थोडा ढिला व्हतो, कुईकुई करतो. त्यो आवाज म्हंजे वाईट न्हाय, गाडी सांगती की मला बघा.

पन गुत्तेदाराला ते कुईकुई खपंना. सडक तपासायला मोठे सायेब येनार, त्याच्याच ट्रकात बसून फिरनार, आन आपल्याकडं तुमाला ठाऊक हाय, जे वाजतं ते कच्चं, भांडं असू दे, न्हायतर मानूस. मला म्हनला, बोल्ट काढ, रिबिट मार, कायमचं गप कर त्याला. रिबिट म्हंजे लाल करून दोन्हीकडनं ठोकून बसवायचा खिळा, त्यो बोल्टावानी ढिला व्हत न्हाय. म्या एकदा सांगितलं, मालक, हलायला जागा पायजे, अब्बा म्हनायचे. तर दहा मानसांत हसला, म्हनला, बैलगाडीची अक्कल मोटारीला शिकवतो का, जमत नसंल तर सोड, सोलापूरचा मिस्त्री आनतो. हितं घसरलो गुरुजी. माझी कैची, माझं नाव, आन रिबिट मारनार सोलापूरचा? म्या म्हनलं, आना ट्रक. आन मग नुसतं रिबिट मारून थांबलो न्हाय, त्याच्यावरची जिद म्हनून पाटा, म्हंजे चाकावरची पोलादी पानांची स्प्रिंग, जिथं तुळईला टांगलेला असतो तिथं दोन्ही अंगाला जाड पट्ट्या ठोकल्या, त्यासाठी भोकं पाडली, भोकाशेजारी भोक. लाल रिबिट ठोकताना हाताला कळत व्हतं हे चुकतंय. हाताला कळत व्हतं, पन ठोकत गेलो.

ट्रक मुका झाला. गुत्तेदार खूश, सायेब खूश, म्हनले, वा, मोटारगाडीत बसल्यावानी वाटतंय. एक महादू खूश नव्हता. म्हनला, दस्ता, मला करमंना त्या गाडीत. आधी पाट्याचं पान तुटलं तर कानाला कळायचं, नट पडला तर कळायचं, आता काय बी कळत न्हाय, ती काय बोलतच न्हाय माझ्याशी. म्या म्हनलं, तुला खडखडीची सवय लागलीय गाढवा. पुढच्या हप्त्यात पुन्हा आला, म्हनला, डाव्या अंगाला गाडी जरा बसल्यावानी वाटती, सोनारीच्या जत्रंला मानसं न्यायचीत, त्याच्या आधी एकदा खाली झोपून बघ की. म्या म्हनलं, माझ्या कामाला बघावं लागत न्हाय. हेच शब्द. तो गाडी घेऊन गेला. अर्ध्या घंट्याचं काम व्हतं, कंदील घ्यायचा आन खाली शिरायचं.

सोनारीला भैरोबाची जत्रा, चैतात. ट्रक भरून मानसं गेली, गुलाल उधळून परत निघाली, भर दुपारी, परंड्याच्या अलीकडं एक फरशी पूल हाय वढ्यावर, महादूनं दुसऱ्या गेरात घातला व्हता, मानसं सांगतात, मानूस चालंल तेवढीच चाल व्हती. डावी तुळई मोडली. पट्टी जिथं संपती ना, तिथंच, शेवटच्या रिबिटाच्या भोकातनं. पाटा वर घुसला, चाक वाकडं झालं, ट्रक कठड्यावरनं खाली. वढा कोरडा व्हता, नुसते दगड. दोन मानसं गेली, एक म्हातारा आन एक सासरी निघालेली पोर, तिच्या हातातला जत्रंचा खाऊ तसाच. महादूचा पाय गुडघ्यापासनं काढावा लागला.

गुत्तेदारानं मला जीपमधी घालून नेलं, फौजदार यायच्या आधी. म्हनला, बघ काय झालंय. म्या खाली शिरलो. गुरुजी, लोखंड मोडलं की ते बोलतं, ते लपवत न्हाय काय बी. नवं मोडलेलं लोखंड चांदीवानी चकचकतं. ह्या तुळईचा मोड अर्धा चकचकीत व्हता आन अर्धा गंजून तांबूस. म्हंजे अर्धी तुळई कवाच चिरली व्हती, महिनाभर, दीड महिना, आन आवाज करायला तिला जागाच ठिवली नव्हती म्या. महादूला जे डाव्या अंगाला बसल्यावानी वाटलं ते हेच. गुत्तेदार वाकून बघत व्हता, त्यानं काय बी सांगितलं न्हाय, खरं सांगतो, एक शब्द बोलला न्हाय तो. माझ्या हाताशी वंगनाचा डबा व्हता. म्या बोटं बुडवली आन त्या तांबूस भागावर वंगन चोपडलं, वर माती टाकली.

फौजदार आला, मला इचारलं, तू मिस्त्री ना, काम कसं व्हतं. म्या म्हनलं, काम पक्कं व्हतं सायेब, आवाजसुद्धा येत नव्हता, सगळ्या गावाला इचारा. मग काय, चूक डायवरची. जत्रंतनं आला, प्याला असंल, उडवली असंल. महादू, ज्यानं जल्मात शिंदी तोंडाला लावली न्हाय! पंचनामा मराठीत लिवला, कचेरीत सगळंच मराठी झालं व्हतं तवा, मला मराठी वाचता येत न्हाय, आमची शाळा उर्दूची. पन त्यात काय लिवलंय ते मला चांगलं ठाऊक व्हतं. खाली सही केली, उर्दूत, झकास वळनदार. महादूला दोन वर्सं सजा झाली, एका पायावर भोगली त्यानं.

म्या का केलं? तुमी इचारत न्हाय, पन तोंडावर दिसतंय तुमच्या. भ्यालो. त्या ॲक्शनच्या वर्सापासनं मला खाकी कपडा दिसला की म्या गल्ली बदलायचो, वाटलं, मुसलमान मिस्त्री, दोन मढी, आपल्याला कोन सोडतंय. हे खरं हाय. पन निम्मं खरं हाय. निम्मं हे की नाव जानार व्हतं, कैचीचं. थू त्या नावाला.

नाव ऱ्हायलं बी न्हाय. पुढं रिबिट मारलेल्या आनखी एका ट्रकची तुळई तशीच चिरली, लोकांनी कैच्या काढून फेकल्या, गुत्तेदार पुन्यात बंगला बांधून बसला आन म्या हितं कुळवाच्या फाशी, म्हंजे लोखंडी पात्या, ठोकून धारंला लावतोय. महादू यश्टीच्या थांब्यावर पानाचं खोकं घेऊन बसतो, कुबडी शेजारी. गाडी आली की मान तिरकी करतो आन डायवरला सांगतो, मागचा पाटा बघा, उजवीकडचा. डायवर खाली बघतात, तर तसंच असतं. माझ्याशी बोलतो, हसतो, पान लावून देतो. इतक्या वर्सांत त्यानं मला एकदाबी इचारलं न्हाय. त्याला ठाऊक हाय का न्हाय, मला कळत न्हाय, आन हेच मला खातंय, शिव्या दिल्या असत्या तर जेवन गेलं असतं.

काकी अजून हाय, डोळ्यानं दिसत न्हाय तिला. ईदला म्या शीरखुर्मा घेऊन जातो, ती चाचपत माझं तोंड हातात धरती, कडाकडा बोटं मोडती आन म्हनती, दस्तगीर, शंभर वर्सं जग रं बाबा, तू हायस म्हनून माझ्या महादूला यार हाय. दर ईदला. हे ऐकून घरी येतो आन दोन दिवस भट्टी पेटवत न्हाय.

आता तुमी बेंबळीतच ऱ्हानार हाय चार दिवस, तर एक काम करा. महादूला मराठी वाचता येतं, त्याला हा कागद द्या. काकी जवळ असंल तर मोठ्यानं वाचायला सांगा. आशीर्वाद माघारी घ्यायचा असंल तर तिनं घ्यावा, तिचाच हाय. आन हितं खाली म्या सही करतो, उर्दूतच, तशीच वळनदार, म्हंजे त्याला पटंल की ह्यो तोच हात हाय.