गालातला चट्टा आणि माझं मौन

...आणि वर म्हणे, "काकू, सांगायचं होतं तर आधीच का नाही सांगितलंत?" आता काय बोलू त्या डॉक्टरीणबाईंना! अहो, नवस होता माझा! तुम्हाला सांगते, तंबाखू धरून धरून आमच्या ह्यांच्या गालात पांढरा चट्टा उठला, तेव्हाच मी देवापुढं हात जोडले. म्हटलं, देवा, ह्यांचं तोंड बरं होऊ दे, दवाखान्याच्या दिवशी उजाडल्यापासून घरी परतेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. मला मेलीला काय ठाऊक, दवाखान्यातच सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते!

दातांचा मोठा दवाखाना तो, तिथं संशोधन चाललेलं. डॉक्टरीणबाई माझ्या सुनेच्या वयाची, पण बोलायला किती गोड! "काका, अशा चट्ट्यांवर एक नवं मलम करून बघतोय. निम्म्यांच्या ट्यूबमध्ये औषध, निम्म्यांच्यात नुसताच चिकटा. कुणाच्या वाट्याला काय, ते मलाही माहीत नाही. तेव्हाच खरंखोटं कळतं." चट्ट्याचा तुकडा तपासला, त्यात वाईट काही नव्हतं; पण असे चट्टे कधी कधी कॅन्सरवर उलटतात, हेही तिनं सांगितलं. मला विचारायचं केवढं तरी होतं... आणि मी? मी गप्प!

तर बाहेर बाकावर ह्यांच्या शेजारी एक बसड्रायव्हर. त्याच्याही गालात चट्टा, त्यालाही ट्यूब. दोघांची तंबाखू सुटलेली, दोघं जगावर चिडलेले, मग मैत्री व्हायला कितीसा वेळ! ड्रायव्हर म्हणतो, "टेलरदादा, तुमच्यात औषध अन् माझ्यात नुसता चिकटा निघाला, तर माझ्या लेकींनी कुणाकडं बघायचं हो?" झालं! हे विरघळले! "असं कसं? मिसळू दोन्ही. निम्मं तुम्ही, निम्मं मी." आणि खिशातून शिंपीकामातली बटणांची रिकामी डबी काढली, दोन्ही ट्यूबा तिच्यात पिळल्या, ढवळल्या, काडीनं मधोमध रेघ ओढली आणि म्हणतात कसे, "मापात पाप नको!" मी डोळे वटारले, बाही ओढली, कोपरानं ढोसलं... तर ड्रायव्हरला म्हणाले, "बघा, हिलाही पटलं!" आणि मी? मी गप्प!

घरी आल्यावर बोलले की मी! "अहो, त्या पोरीला सांगून तरी टाका." तर म्हणाले, "वाटून घेतलं तर पाप लागतं होय गं?" पुढच्या खेपेला नव्या ट्यूबा, पुन्हा तीच डबी, पुन्हा तीच रेघ.

परवा डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या तोंडात पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. चट्ट्याची कड लालसर झालेली. "काका, मलम रोज लावता ना?" "अगदी नेमानं!" मला राहवेना हो! मी माझ्या गालाकडं बोट केलं, ट्यूब पिळल्यासारखं केलं, हातानं दोन वाटे करून दाखवले... तर ती म्हणते, "अरे देवा, काकू, तुमचीही दाढ ठणकतेय का? बसा, बसा!" मला खुर्चीत आडवं केलं, तोंडावर दिवा, तोंडात आरसा! "कुठं दुखतंय?" अहो, काळजात दुखत होतं, ते त्या एवढ्याशा आरशात कुठून दिसणार! शेवटी आरसा तोंडात असतानाच माझा नवस मोडला. "मलम... वाटून घेतात हो दोघं!"

ती ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आरसा ठेवला आणि हळूच म्हणाली, "काका, आता तुमचं काय आणि त्यांचं काय, काहीच धरता येणार नाही मला. संशोधनातून दोघंही बाहेर. उपचार मी सोडणार नाही, पण पुन्हा तुकडा काढावा लागेल." हे म्हणाले, "बाई, दोघांचं भलं बघितलं हो." ती म्हणाली, "आणि मागून येणाऱ्यांचं कुणी बघायचं?" ड्रायव्हरही त्याच दिवशी आलेला, तो दाराशी खाली मान घालून बसला होता. सगळेच गप्प, बोलणारी मी एकटी!

त्या तुकड्याचा रिपोर्ट अजून आलेला नाही. नवस मोडला म्हणून देव रागावला असेल का? नसेल हो. त्या पोरीला एवढी माया आहे, तर देवाला नसेल का? म्हणून आता नवा नेम धरलाय. सकाळी खिडकीशी ह्यांना उभं करते, "आ करा" म्हणते आणि गाल नीट पाहते. फणकारतात! "एवढा संसार झाला, कधी माझ्या तोंडाकडं बघितलं नाहीस, आता काय बघतेस!" खरंच आहे ते! तुम्ही तरी एवढं करा, घरी गेल्यावर आपल्या माणसाला उजेडात उभं करा आणि त्याचा गाल आतून बघा. चिडेल तो. चिडू दे. चिडला की माणूस तोंड उघडतोच, तेवढ्यात बघून घ्या!