गोट्यांचे थर

वाळवंटातल्या ओकुकाहे गावाहून इका शहराला निघालेल्या बसमध्ये एउलालिया वालाच्या शेंगांची टोपली सांभाळत बसली होती. पुढच्या बाकावर विहिरी खणणारा आबुन्दियो आणि त्याची भावजय निकोलासा यांची जुंपली होती. निकोलासाच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला जडशीळ मणका होता.

"पाणी मागितलं होतं भावजी, तुम्ही देवमाशाचं हाड काढून दिलंत."

"वाळवंट आत्ताचं आहे, वहिनी. आधी इथे समुद्र होता. तीनदा आला, तीनदा गेला."

"तुम्ही होतात का बघायला?"

"समुद्र जमिनीवर चढतो तेव्हा आधी गोटे टाकतो. त्यावर वाळू, मग पांढरी भुसभुशीत माती. अख्ख्या खोऱ्यात हेच थर. तुमच्या विहिरीत गोट्यांचे तीन लागले. पाणी असलंच तर गोट्यांत असतं. तिन्ही कोरडे."

"आणि त्याखाली?"

"काळा खडक, समुद्राच्याही आधीचा. पहार खणकली, मी वर आलो. बुजवून टाका."

"खणण्याआधी रीतीप्रमाणे जमिनीला वाइन पाजलीत ना?"

"अर्धी बाटली."

"आणि उरलेली?"

"मलाही खाली उतरायचं होतं."

कापलेल्या टेकडीच्या वळणावर बस हळू झाली. एउलालियाने वरून खाली गोट्यांचे थर मोजले, पुन्हा मोजले. तिला राहवेना.

"काका, इथे चार आहेत. सगळ्यात खालच्यात गाढवाएवढे काळे धोंडे आहेत."

आबुन्दियोने काचेला नाक लावलं. टेकडी मागे पडेपर्यंत तो बघत राहिला.

"वहिनी, पहार खडकावर नाही, धोंड्यावर खणकली असेल. परत येताना एक बाटली घेऊ. या खेपेला सगळी जमिनीला."