दाराची किल्ली वेगळी

नवरी : म्हणजे हीसुद्धा नाही.

किल्लीवाली : नाही मावशी, तोंडाशीच अडते. मला कोडं पडलंय. इंजिनाची किल्ली काकांच्या हातात आहे. अशा जुन्या जर्मन गाड्यांत दाराला आणि इंजिनाला एकाच घडणीची किल्ली असते. मी त्याच घडणीची कोरी, अजून खाचा न पाडलेली किल्ली घेतली, तर दार तिला आत घ्यायलाच तयार नाही.

नवरदेव : गंजलं असेल. तेल सोडा थोडं.

किल्लीवाली : दोनदा सोडलं. आणि किल्लीचं भोक या एकाच दाराला आहे. आणि दाराची किल्ली गेली कुठे म्हणालात?

नवरी : गटारात. मला सिनेमातल्यासारखं दार उघडून देणार होते. किल्ली बोटावर एक गिरकी फिरवली, ती जाळीतून टुपकन खाली.

नवरदेव : निसटली.

किल्लीवाली : आणि घाई कसली एवढी? कोणाच्या लग्नाला निघालात?

नवरी : आमच्याच. साडेबाराला नोंदणी कार्यालयात सह्या आहेत, आणि कागद त्या मागच्या सीटवर बसलेत, आमच्याकडे बघत. सूनबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आई, पुढच्या महिन्याची तारीख घ्या. मी म्हटलं, साठी उलटल्यावर एकदाचा धीर आलाय, तो महिनाभर टिकायचा नाही. सकाळी देवाला सांगून निघालेय की येताना दोघं नमस्काराला येऊ. आता त्याला काय सांगू, किल्ली गटारात पडली?

किल्लीवाली : काच फोडायची का?

नवरदेव : अहो, ही काच आता शोधून मिळत नाही.

नवरी : आणि बायको?

नवरदेव : ...तिलाही वेळच लागला.

किल्लीवाली : काका, गाडी कुठल्या सालची?

नवरदेव : चौसष्ट. कारखान्यातून आली तशीच्या तशी. एक ओरखडा नाही.

नवरी : हे मला पाठ आहे. माझ्या बहिणीनं विचारलं, माणूस कसा आहे. मी सांगितलं, उभ्या जन्मात ज्यानं गाडी कुठे घासली नाही, असा.

किल्लीवाली : चौसष्टच्या सगळ्या कोऱ्या किल्ल्या लावून झाल्या. मावशी, जरा टॉर्च धरा. हं. या भोकातली खोबण उजवीकडे वळलीय आणि इंजिनाच्या किल्लीची डावीकडे. काका, तुम्ही एक सांगता, दार दुसरंच सांगतंय.

नवरदेव : दार काय सांगणार.

नवरी : तुम्हाला घाम का फुटलाय?

नवरदेव : ऊन आहे.

नवरी : आपण सावलीत उभे आहोत. बारा वाजून गेले. मनातून नको असेल तर सरळ सांगा, मी रागावणार नाही.

नवरदेव : नको कसं असेल. ...ताई, एकाहत्तरची लावून बघा.

किल्लीवाली : गेली की. लोण्यात सुरी जावी तशी. आता दोन्हीकडे पिळून बघते. कोऱ्या पात्यावर डाग उमटतात, तिथेच कानस मारायची. दहा मिनिटं द्या.

नवरी : एकाहत्तर कुठून आलं?

नवरदेव : भंगारवाल्याकडून. नुसतं दार. आधीचं खांबावर चेपलं.

नवरी : कुठल्या?

नवरदेव : तुमच्या घरासमोरच्या. गेल्या वर्षी तुमचं शिवणयंत्र दुरुस्त करून पोचवलं ना, त्या दिवशी. निघताना वर पाहिलं, तर तुम्ही गच्चीतून हात हलवत होतात. चांगले दोन्ही हात. मग मीही हलवले. दोन्ही.

नवरी : मी चादर झटकत होते.

(कानस थांबते.)

नवरदेव : चादर.

नवरी : एवढी मोठी, पांढरी. दिसली नाही?

नवरदेव : मला हातच दिसले.

किल्लीवाली : काका, मला हसवू नका. एक खाच जास्त पडली तर पुन्हा पहिल्यापासून.

नवरी : आणि दुसऱ्या दिवशी आलात, यंत्र नीट चालतंय ना विचारायला. चालत आला होतात. मी म्हटलं, किती साधा माणूस, गाडी असून पायी येतो.

नवरदेव : गाडी गॅरेजात होती.

नवरी : अगं बाई, मला धरा कोणीतरी. हसून हसून पोट दुखायला लागलं.

किल्लीवाली : थांबा, फिरतेय. फिरली. घ्या, उघडलं. पळा आता, अजून वेळ आहे.

नवरदेव : तुम्ही बसताय ना?

नवरी : बसतेय. बहिणीला काय सांगायचं ते वाटेत ठरवू. आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर.

नवरदेव : बरं. पण एक विचारू? दुसऱ्या दिवशी मी आलो, तेव्हाही तुम्ही गच्चीतच उभ्या होतात. तेव्हाही चादरच होती का?

नवरी : दुसऱ्या दिवशी झटकायला घरात काहीच नव्हतं.