किटलीचा लाल लाइट

माह्या साळ्याचं नाव माह्यासमोर काढू नका, सांगून ठेवतो. दहा वर्षं कॅनडात गाडी चालवून आलेला माणूस! म्हणून त्याले अकोल्याले जायले माही गाडी देली. दुपारी त्याचा फोन.

"भाऊजी, दर्यापूरच्या पुढं गाडी बंद पडली. चालूच नाही होऊन राहिली."

मी म्हटलं, "आधी काही लाइट लागला होता काय?"

"हो ना! दर्यापूरच्या अलीकडंच लागला. लाल. किटलीचा."

किटली! अरे, ती ऑइलची झारी होय! ती लाल झाली की गाडी जागेवर बंद कराची असते. माहं डोस्कंच सणकलं. "मंग थांबला काहून नाही?"

"थांबलो ना भाऊजी! तिकडं माह्या गाडीत डायवर थकला की कपाचा लाइट लागते, थांबून कॉफी प्या म्हणून. मले वाटलं, इकडं चहा पितात, तर किटली दाखवत असन. दर्यापूरले थांबलो, चहा घेतला."

"अन् लाइट?"

"नाही गेला ना. म्हणून आणखी एक घेतला."

इंजिन जाम! अख्खं खोलावं लागलं. अन् संध्याकाळी हा घरी आला, तर बायको मलेच म्हणते, "थकून आला बिचारा, चहा तरी विचारा त्याले!"

मी म्हटलं, "आधी त्याच्या कपाळावर लाल लाइट लागू दे, मंग विचारतो!"