राक्षस मरायला तयार नव्हता

फँटसी कादंबऱ्यांवरच्या सिनेमांचं आपल्याकडे भविष्य काय, असं काय विचारता? आधी म्हातारे मरायला तयार झाले पाहिजेत.

तीन वर्षांनी इंजिनिअरिंग सोडून मी एक फँटसी कादंबरी लिहिली आणि मित्रांबरोबर मोबाइलवर तिचा सिनेमा करायला घेतला. शूटिंगला शिंदखेड्याजवळचं नानाचं, म्हणजे चुलत्याचं, शेत मिळालं. अट एकच, राक्षसांचा राजा नानाच होणार. चार दिवस शिंगं लावून तो गावभर मिरवला. शेवटच्या दिवशी राक्षसाचा वध होता, तर हा जाऊन बांधावर बसला.

"माले मरनं नही. बठ्ठा सोयरा व्हिडिओ देखतीन, रडत दारवर येतीन!"

"नाना, सगळे सोयरे कशाला रडतील? तुम्ही नाही मरत. राक्षस मरतो."

"तोंड मन्हंच शे ना?"

"मग सिनेमा संपवू कसा?"

"टोपी-टॉवेल दीसन सत्कार कर मन्हा."

मी भाला फेकून दिला. माझा बाप धुळ्याहून डबा घेऊन आला होता. कॉलेज सोडल्यापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. तो नानाला म्हणाला, "काढा ती शिंगं, मी मरतो. कोणी रडत आलंच तर चहा पाजू."

बापाला शिंगं लावून, तोंड दिसू नये म्हणून पाठमोरा उभा केला. भाला लागताच तो कपाशीत असा कोसळला की मित्रांनी टाळ्याच वाजवल्या.

आता बाप माझ्याशी बोलतो. रोज एकच वाक्य बोलतो, "मी पहिल्याच टेकमध्ये पास झालो. तू तीन वर्षं बसून काय केलं?"