गवत कापलं, घरी आले

शेतकरी बायकांच्या हृदयाचे ठोके मोजायचं माझं संशोधन तुम्हाला बिनधोक वाटतं ना? मग हे ऐका.

ओतूरजवळच्या हिराबाईंच्या छातीला मी चोवीस तास ठोके टिपणारं मशीन लावलं आणि दिवसभर काय काम केलं ते वहीत लिहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आलेख उघडला आणि मलाच घाम फुटला. संध्याकाळी साडेपाचला ठोके एकदम एकशे सत्तरवर. वहीत त्या वेळेपुढे एवढंच, 'गवत कापलं, घरी आले.' गवत कापून कुणाचं हृदय असं उधळत नाही. पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून ठेवला आणि तडक हिराबाईंचं घर गाठलं.

"हिराबाई, काल साडेपाचला छातीत दुखलं का? चक्कर आली?"

"न्हाई ओ. बिबट्या व्हता बांधावर."

"मग वहीत का नाही लिहिलं?"

"तुमी काम लिवाया सांगितलं व्हतं. बिबट्या काय काम हाय व्हय?"

मला इतकं हायसं वाटलं की तोंडातून निघूनच गेलं, "बरं झालं बाई, बिबट्याच होता."

 हिराबाई सुनेला म्हणाल्या, "बाईंना पाणी दे. आन उद्या गवताला ह्यांनाच धाडू, मशीन लावून."