गोधडीतली सीट

नांदेडच्या विमानतळाच्या दाराशी, रांगेत निवृत्तीच्या पुढं मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या कडेवर बाळ, मायजवळ गोधडीत शिवलेलं मोठं गाठोडं.

"माय, बाळाची कारमधली सीट गोधडीत कशाला शिवलीस?"

"सामान आदळत्यात म्हनं. लेकराची सीट मोडली म्हंजे?"

"पण लई जड लागून राहिली. आत काय घातलंस?"

"कुरडया. लेकीला रिकाम्या हातानं कशी लावून देऊ?"

"अगं, पार चुरा हुईल त्यांचा!"

निवृत्तीनं आपल्या पिशवीतल्या पापडांवर हळूच हात ठेवला.

"कसा हुईल? कितीबी धक्का बसला तरी लेकराला काय होत न्हाई म्हनून तूच ही सीट निवडलीस ना? तिच्यातच बसवल्यात. दोन्ही पट्टे लावून."